एकेचाळिसावे कार्ड

रविवार, ९ जून २०१३ रोजी सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी कमरबी माझ्या घरातून चहा न घेता निघून गेल्या. ही गोष्ट आधी नोंदवून मी, कु. वैजयंती शंकरप्पा हत्तुरे, वय ७४, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, राहणार सोलापूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचेही न ऐकता (ती सवय मला कधीच नव्हती) हे मृत्युपत्र लिहिते.

१. राहते घर पुतण्या दिग्विजय यास. पुस्तके मात्र नाहीत. "आत्या, आता हे वाचून काय करणार?" असे त्याने दोनदा विचारले आहे.

२. बँकेतील ठेवी घर सांभाळणाऱ्या अक्कम्मास. बावीस वर्षे तिने मला भाकरी आणि उलट उत्तरे दोन्ही गरम वाढली.

३. कार्डांची लाकडी पेटी. शेजारीण आणि सहशिक्षिका कमरबी यांच्यासह मी 'कीप' या एकाच इंग्रजी क्रियापदाची त्रेसष्ट कार्डे केली. पुढे अर्थ माझ्या अक्षरात. मागे त्या अर्थाचे, कानांनी ऐकलेले मराठी वाक्य त्यांच्या अक्षरात. बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि तारखेसह. तारीख नसेल तर कार्ड बाद. नियम माझा.

आज हा शब्द जवळ बाळगण्याचा झाला आहे. हजार वर्षांपूर्वी त्यात पकडणे होते, नजर ठेवणे होते आणि वाट पाहणेही होते. त्याचे मूळ कोणाला सापडलेले नाही. शेजारच्या भाषांत त्याला सख्खे कोणी नाही.

'वाट पाहणे' हे एकेचाळिसावे कार्ड. मागे कमरबींनी लिहिले होते: "कवाधरनं वाट बघती की तुजी, कुटं होतीस?" बोलणारी अम्मी, गाव करमाळा. तारीख नव्हती. मी लाल फुली मारली.

"तारीख हवी का बाई? गेला शुक्रवार. त्यानंतर अम्मी बोललीच नाही."

कार्ड उचलून त्या गेल्या. महिन्याभरात मुलाकडे बार्शीला.

माझी तक्रार कायम आहे. "गावाला जाऊन येते" एवढेच सांगून गेलेल्या बाईने तीस वर्षांच्या शेजारणीला आईचे जाणे सांगू नये? मी करमाळ्याला आले नसते का?

पेटीत आज बासष्ट कार्डे आहेत. सायंकाळचे पाच वाजले की अक्कम्मा अजूनही दोन कप मांडते. मी तिला रागावत नाही. पेटी कमरबींना द्यावी.

स्थळ: सोलापूर. दिनांक: २ फेब्रुवारी २०२६.
सही: वैजयंती हत्तुरे
साक्षीदार: सिद्धलिंग बिराजदार, शेजारी, जोतिराम गवळी, निवृत्त पोस्टमास्तर.

प्रत स्पीड पोस्टाने: कमरबी, बार्शी. पेटी मी मेल्यावर न्याल, की ते कार्ड घेऊन आधीच याल? लेखी उत्तर ३१ मार्च २०२६ पूर्वी पोहोचावे. त्यावर तारीख नसली तरी चालेल.