थायरॉईडची गोळी

बन्सीमामा,

नमस्कार करते, पण राग आहे.

माझी गोळी थायरॉईडची आहे, असं तुम्ही मला बघायला आलेल्या पुणतांब्याच्या पाहुण्यांना परस्पर सांगून टाकलंत. नगरला मी ज्या दोघांकडे जाते, त्यांना तुम्ही वेड्यांचे डॉक्टरच म्हणता. त्यातले मानसोपचारतज्ज्ञ गोळ्या देतात. मानसशास्त्रज्ञ मॅडम गोळ्या देत नाहीत, त्या मला बोलतं करतात. माझ्या आजाराला नैराश्य म्हणतात. ती बाहेरची बाधा नाही आणि माझी थेरंही नाहीत.

काल होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "मला बी थायरॉईड हाय. सकाळी उपाशीपोटी गोळी, मग अर्धा तास चहा न्हाई. आता दोघी संगटच बसू." इतक्या मायेनं बोलल्या की मी 'बरं' म्हणून फोन ठेवला.

मामा, माझी गोळी रात्री जेवणानंतरची आहे. रविवारी सुपारी फुटायच्या आधी मी त्यांना आणि मुलाला सगळं सांगणार. मोडलं तर मोडू दे.

हे पत्र पाठवत नाही. वाचलंत तर शेवगावहून आधीच धावत याल आणि मला गप्प बसवाल.

ऐकूनही सासूबाई हो म्हणाल्या, तर रोज सकाळी त्यांच्याजवळ बसेन. गोळी न घेता, आणि चहाही न घेता.

तुमची भाची,
ज्ञानेश्वरी