दोन वेळचं रक्त

२४ मार्च २००८
शेवटी काठ्या चालल्याच. कालव्याच्या पाण्याची पाळी आमची, आणि शेजारच्या शेतवाल्या हिरालालनं बांध फोडून पाणी आपल्या धानाच्या बांधीत वळवलं. हे बोलायला गेले. त्याची काठी ह्यांच्या डोक्यात, ह्यांचं फावडं त्याच्या मांडीवर. लोकांनी सोडवलं, म्हणाले, "शालिकराम, ठाण्यात चाल." हे म्हणाले, "काही नाही झालं ना!" टेंगूळ आलं. हळद लावली. जेवले, झोपले.

१ एप्रिल
डोकं दुखतं म्हणतात. अंगणवाडीतली गोळी आणून दिली. दिवसभर झोप. मोहफुलं अंगणात वाळत पडलीत, घर त्याच वासानं भरलंय, आणि वेचायला, पाखडायला मी एकटीच.

८ एप्रिल
चहाचा कप हातातून सुटला. जीभ जड. जवळ जाऊन वास घेतला — मोहाची!
"मी नाही पेलो वो. काऊन असी पाहून रायली?"
दोन वर्षांपूर्वी विहारात पंचशील घेऊन दारू सोडली. त्याआधी आठ वर्षं मी ह्या माणसाचा मार खाल्ला. एक दात गेला. मोनालीच्या पाठचं पोर पोटातच गेलं. दारूचा वास मला कोणी शिकवू नये.

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक. पांढरी साडी नेसले होते. ह्याच्या हातात निळा झेंडा दिला होता. विहारासमोर झोकांड्या खात खाली बसला, आणि पँट ओली. बाबासाहेबांच्या फोटोपुढे! बाया तोंडाला पदर लावून. मागून कोणीतरी म्हणालं, "शालिकराम सुरू झाला वाटते पुन्हा."
घरी ओढत आणला. "पाय उचलून नाही रायला वो," म्हणतो. चुलीजवळचं लाकूड घेतलं. पाठीवर, दंडावर, पोटऱ्यांवर. एकेक वर्ष आठवून मारलं. तो उठायला लागला तसा दोन्ही हातांनी ढकलला. डोकं जात्यावर आपटलं. मोनाली दारात उभी होती. बारा वर्षांची पोर. "आई, बस ना व," म्हणत रडत होती.
बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? फार बरं वाटलं.

१५ एप्रिल
तो पडूनच आहे. मी बोलत नाही.

१६ एप्रिल
सकाळी उलटी. मग घरघर घोरणं, हलवलं तरी डोळे उघडेनात. सडक अर्जुनीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पापण्या उचलून बॅटरी मारली. एक बाहुली मोठी, एक लहान. मी म्हटलं, पिऊन आहेत. त्यांनी ह्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं. मग म्हणाले, "बाई, मोहाचा वास तुमच्या साडीला येतो आहे. ह्यांना नाही."
तशीच जीप केली. नागपूर.

१७ एप्रिल
डोक्याचा स्कॅन झाला. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून दाखवला. कवटी आणि मेंदूच्या मधात रक्त.
"आधी पीत होते का? पिणाऱ्याचा मेंदू आक्रसतो, वरच्या शिरा ताणलेल्या राहतात. एका मारानं तुटतात, मग आठवडे आठवडे गळतात. बोलणं जड होतं, पाय लटपटतात, कपड्यात लघवी होते. घरच्यांना वाटतं, प्याला."
 थेंबभरही नव्हते प्याले.
मग त्यांनी बोट ठेवलं. "हे काळपट ते जुनं, तीन आठवड्यांचं. हे पांढरं ताजं आहे. दोन-चार दिवसांतलं. हे कशानं?"
"पडले," म्हटलं.
हाड कापून रक्त काढलं. जुनं तर जळक्या ऑइलसारखं निघालं म्हणे.

१९ एप्रिल
आमच्या ठाण्याचा जमादार आला. हिरालालला उचललंय. "तुझा नवरा जगला तर तीनशे सात, मेला तर तीनशे दोन. मधात अजून कोणी मारलं का?"
"नाही."
बयानावर सही केली. सही सरळ आली.
बाहेर हिरालालची बायको शामकला बसलेली. माझे पाय धरले. "माह्या मानसानं एकच काठी मारली वो बाई. तेवढ्यानं मानूस मरते का?" मी पाय झटकला. तिचं तोंड फरशीवर आपटलं. मी थांबले नाही.

२३ एप्रिल
डोळे उघडले! उजवा हात उचलत नाही, पण मोनालीला ओळखलं. डॉक्टर म्हणतात, महिन्याभरातलं काहीच आठवत नाही त्यांना.
सुटले मी.

२५ एप्रिल
सकाळी ह्यांनी पाणी मागितलं. मी ग्लास घेऊन वाकले, तर ह्यांनी डावा हात डोक्यावर आडवा धरला आणि डोळे गच्च मिटले. मोनालीनं माझ्या हातून ग्लास घेतला. तिच्या हातून प्याले.
दुपारी जमादाराला फोन लावला. म्हटलं, डोक्यातलं ताजं रक्त माझ्या हातचं आहे.