रिकाम्या काट्यावरचे दहा किलो

१० नोव्हेंबर

आलो एकदाच्या मायलेकी सांगलीकडं! साताऱ्यात लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करून जीव विटला होता. आता साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ऑपरेटर, वर राहायला खोली. नवरा प्रबुद्ध सीमेवर ड्युटीला. फोनवर खोली दाखवली तर म्हणतो, माझ्या बराकीपेक्षा लय भारी हाय. आमची क्रांती दोन वर्षांची, पण ऐट कलेक्टरची. दिवसभर केबिनमध्ये माझ्या पायाशी बसून ट्रॅक्टर मोजते, आणि तिचे आकडे दोनवरून थेट नऊवर उडी मारतात. खिडकीसमोरच काटा आहे, जमिनीला समतल असा लोखंडी पत्रा. त्यावर उसाची ट्रॉली चढली की वजन आधी लाल आकड्यांच्या डब्यात दिसतं, मग वायरीतून कॉम्प्युटरवर येतं.

१२ नोव्हेंबर

कॉम्प्युटर भलताच आजारी. चालता चालता निळा पडदा, की खेळ खल्लास. बाहेर ट्रॅक्टरवाले हॉर्न बडवतात. यार्डाचे सुपरवायझर जयराज साहेब डोक्यावर उभे. त्यांना सांगितलं, ड्रायव्हर खराब दिसतोय, तर बाहेरचे ड्रायव्हरच माझ्यावर उखडले! हसून हसून पुरेवाट झाली. रॅम काढली, खोडरबरनं तिची सोनेरी कड घासली, परत बसवली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ठणठणीत. मग पुन्हा निळा.

१५ नोव्हेंबर

नवी रॅम टाकली. मेमरी टेस्ट लावली, एक चूक निघाली नाही. ड्रायव्हर उडवून नवा घातला. तरी तेच. पण आज चोर सापडला! बंद पडायच्या आधी दरवेळी काटा रिकामा असतो आणि डब्यात दहा दिसतात. दहा किलो. हा काटा दहा-दहाच्याच टप्प्यानं मोजतो. चिखल असेल म्हणून पत्रा झाडून घेतला, दहाच. दुसऱ्या पाळीचे काटेवाले धोंडिराममामा म्हणाले, जरा दम धर पोरी, उतरंल आपसूक. कोण उतरंल म्हणून विचारलं तर तंबाखू मळत बाहेर गेले. दहा दिसले की ते गाड्या थांबवतात, पत्र्याकडं पाठ करून उभे राहतात आणि आकडा गेला की मगच कॉम्प्युटर चालू करतात. अशानं हंगाम संपायचा!

१६ नोव्हेंबर

जिंकले! दहा दिसताक्षणी डब्यावरचं शून्याचं बटण दाबलं. माती साचली की सगळ्याच काट्यांवर असं शून्य मारतात, त्यात काय मोठं? दिवसभर कॉम्प्युटरनं हूं की चूं केलं नाही. जयराज साहेबांनी पेढे वाटले. त्यांनाही शेजारी बसवून शिकवलं, दहा दिसले रे दिसले की शून्य मारायचं. धोंडिराममामा मात्र माझ्याकडं बघेनात.

१८ नोव्हेंबर

रिकाम्या काट्यावर उणे दहा. म्हणजे शून्य मारताना जे वर होतं, ते आता उतरलंय. सरळ हिशेब. पुन्हा शून्य मारलं, पण लागेना.

जेवताना क्रांती बाजूला सरकून बसते. घास शेजारी ठेवते. खेळतेय, दुसरं काय.

२१ नोव्हेंबर

अंगणवाडीत मुलांची वजनं घेतली. क्रांती सात किलो. गेल्या महिन्यात साडेदहा होती. गाल तसेच, दंडावरची वळीसुद्धा तशीच. सेविका राहीबाईंनी काटा बदलून पाहिला, सातच. मग मला बाजूला घेऊन सांगितलं. मागच्या हंगामात ऊसतोडीच्या बाईचं लेकरू आपल्या काट्यावर खेळत होतं आणि ट्रॉली मागं आली. असं काही झालंच न्हाई म्हणून सगळ्यांनी मिटवलं. लेकरू तिथंच ऱ्हायलं. धोंडिराम त्याला उतरू द्यायचा, मग वजन घ्यायचा. आन् धोंडिराम सांगत हुता, तू ते वर असताना शून्य केलंस. त्याची जागा गेली, आता ते दुसरी बघतंय.

हसायला हवं होतं. क्रांतीला छातीशी धरून घरी आले.

२३ नोव्हेंबर

चार किलो. नोकरी गेली खड्ड्यात म्हणून साताऱ्याची एसटी धरली. क्रांती मांडीवर. कंडक्टर म्हणाला, ताई, मांडी मोकळीच हाय, तर ह्या म्हातारीची पिशवी धरता का? मी किंचाळलेच. काट्यापासून जेवढं लांब, तेवढी ती हलकी, आता तर लोकांना दिसेनाशीच. कराडला उतरून परत फिरले.

२४ नोव्हेंबर

मामांचे पाय धरले. तर मामाच रडायला लागले. म्हणाले, मला नुसतं थांबता येत हुतं गं, दुसरं काय न्हाई.

पत्र्याच्या कडेला उभी राहून मोठ्यानं म्हटलं, बाळा, ये, तुझी जागा घे. माझं चुकलं. आत येऊन डबा पाहिला, उणे दहाच.

२५ नोव्हेंबर

जयराज साहेबांनी मेकॅनिक आणून डबा नव्यानं लावला. आता खरं शून्य. क्रांती मांडीवर. ऊब आहे, भार नाही. हात लावून बघते— आहे— अजून आहे—

दुपार

मांडी गार.

काटा रिकामा. डब्यात दहा. निळा पडदा.

काचेपलीकडून हाक— आई— माझीच आहे ती— पत्र्यावर कुणी दिसत नाही पण आवाज तिचाच—

पाय उचलत नाहीत. घशातून शब्द नाही. लिहिणारा हात तेवढा चालतोय. हॉर्न— सगळे हॉर्न— जयराज साहेब उठले. म्हणतात, ताई, बसा तुमी, तुमीच शिकवलंय की— डब्याकडं निघाले— साहेब, नको, माझी क्रांती हाय तिथं, शून्य नका