चौथी ओळ

वरोरा, १२ जुलै १९८६

चि. कांता हिस,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

शेजाऱ्यांच्या बकरीनं माझ्या उजव्या चपलेचा अंगठा खाल्ला. डावी शाबूत सोडली, याबद्दल मी तिचे आभार मानावेत असं शेजाऱ्यांचं मत दिसतं. अनवाणी मास्तर शाळेत शोभत नाही, म्हणून रजा टाकली आणि तुझी कविता तपासायला घेतली. हरिदासरावांच्या पहिल्या स्मृतिदिनी, १० ऑगस्टला, तू ती चारचौघांत वाचणार. मराठीच्या मास्तरची बहीण म्हणून कोणी नावं ठेवू नयेत.

नदी उभी भिंत झाली
खाट काठाशी टेकली
ठेव खाट, टेक पाठ
उतरेल

आता ऐक. ओळीला आठ अक्षरं धरलीस, ठीक. नदी आडवी असते, ती भिंतीसारखी उभी कशी राहील? ही प्रतिमा पटत नाही. तिसऱ्या ओळीत ट आणि ठ यांचा एवढा खडखडाट, की शोककवितेत बैलगाडी शिरली. आणि चौथी ओळ अर्ध्यावरच लंगडी. मी ती ‘उतरेल पाणी आता’ अशी भरून दिली आहे. तुझी वहिनी रुखमा म्हणते, पोरीले काऊन छळता? पण चूक ती चूक.

प्रकृतीस जपावे. लोभ पातळ होऊ देऊ नये.
तुझा भाऊ,
देवराव

एटापल्ली, २१ जुलै १९८६

ती. देवरावभाऊंस,
सविनय जयभीम.

पत्र पावलं. मागच्या साली पुरामुळं तुम्हाला इकडं येता आलं नाही, आणि मग तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. यांचा ताप डोक्यात गेला होता. दवाखान्याची जीप पलीकडच्या काठावर. गावातल्या सुकलू आणि लालसूनं यांना खाटेवर नदीपर्यंत नेलं. पाणी एवढं चढलं होतं, की पलीकडचं काही दिसेना. शेजारची सोनीबाई म्हणते, भाऊले एकदा त्या पुरात आणून उभा कर, मग विचार भिंत दिसते का नाई. ठेव, टेक हे खाट उतरवताना ते दोघं एकमेकांना म्हणत होते. पाण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता.

माझ्याकडं पाहून हे ‘उतरेल’ म्हणाले. पुढं बोललेच नाहीत. काय उतरेल, पाणी की ताप, ते कळलंच नाही. तुम्ही भरलेले दोन शब्द मी खूप वेळा वाचले, भाऊ. आता ती ओळ माझ्या तोंडून निघत नाही. कविता वाचणार नाही.

वहिनीस नमस्कार. माया आहे तशीच असू द्यावी.
आपली,
कांता

वरोरा, २९ जुलै १९८६

चि. कांता हिस,
अनेक आशीर्वाद.

माझी ओळ खोडली. काल रुखमेला तुझी कविता मोठ्यानं वाचून दाखवली. इतके दिवस मी बोटांवर अक्षरं मोजत होतो. वाचताना श्वास कुठं थांबतो, ते पाहिलंच नव्हतं. ठेव, टेक म्हणताना जीभ खरंच ओझं उतरवते. ‘उतरेल’पाशी थांबलो, आणि रुखमेनं कागद माझ्या हातून काढून घेतला. कविता तिथंच संपते. एक अक्षर वाढवू नकोस.

तू वाच. मी चार दिवस आधी निघतो. नदी चढली असेल, तर अलीकडच्या काठावर बसून राहीन. पोचलो, तर अगदी पुढं बसेन. तू थांबशील तेव्हा माझ्यासारखा एखादा शहाणा पुढचे शब्द सांगायला उठला, तर त्याला खाली बसवायला.

हरिदासरावांची घोंगडी एका हिवाळ्यात माझ्याकडं राहून गेली होती. त्यांनी कधी मागितली नाही. रुखमेनं ती धुऊन वाळवली आहे. सोबत आणतो.

तुझा भाऊ,
देवराव