मग झालं की

आई,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुझा आवाज आठवायचा तर आधी आपली खानावळ आठवावी लागते. कऱ्हाडच्या त्या धुरकट स्वयंपाकघरात तू भाकरी थापते आहेस, बाहेर बाकड्यांवर माणसं जेवताहेत आणि कुणीतरी ओरडतं, "मावशी, आमटी खारट झालीय आज." तू आतूनच म्हणतेस, "असंल बाबा." आमटी खारट नव्हती. मी चाखली होती, म्हणून शाळकरी ठसक्यात त्याला तसं सांगून टाकलं. तो हसला, पण मी आत आल्याबरोबर तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. "गिऱ्हाइकाला उलटं बोलत्यात व्हय गं?" तो धपाटा मला जन्मभर पुरला बघ. इथे बहारीनला, मनामातल्या ऑफिसात साहेब काहीही बोलला तरी मी मान डोलावते, आणि माझं स्वतःचं मत मला घरी जाताना गाडीत आठवतं.

आणि अशी मी सध्या एका बाईला मत मांडायला शिकवते आहे! इथल्या माहूज भागात, आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर एक सोमाली बाई राहते. अबायाच्या, म्हणजे बायकांच्या पायघोळ झग्यांच्या दुकानात विक्रीला असते. आरशापुढे उभं राहून गिऱ्हाईक इंग्रजीत विचारतं, मला कसं दिसतंय, आणि हिला 'गुड, गुड'च्या पलीकडे काही येत नाही. लिफ्टमध्ये ओळख झाली आणि दर शुक्रवारी दुपारी ती माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायला लागली. पहिल्या दिवशी मी चहाचं विचारलं तर छातीवर हात ठेवून म्हणाली, "माया, माया." मला वाटलं, किती गोड बाई, नुसतं चहाचं विचारलं तर माया करते! मी कप काठोकाठ भरला. तिच्या भाषेत 'माया' म्हणजे 'नको', हे मला बऱ्याच शुक्रवारांनी कळलं. तोवर बिचारी माझा आल्याचा चहा निमूट गिळत होती. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. ती खाली गेल्यावर लक्षात आलं, या घरात कुणी मोठ्याने हसल्याला किती दिवस झाले होते.

तुझे जावई देवाघरी गेल्यापासून घरात मी आणि तुझी नात, दोघीच. ती इथेच वाढली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. आता तिला कॅनडात नोकरी मिळाली आहे. मागे एकदा मी दोडका चिरत होते, तेव्हा ओट्याला टेकून तिने विचारलं, "आई, व्हॉट डू यू थिंक? शुड आय गो?" आणि माझ्या तोंडून निघालं, "तुला बरं वाटतंय ना? मग झालं की." खूश होऊन तिने तिकीट काढलं. मी दोडका चिरत राहिले.

हे वाक्य तुझं आहे. यांना बहारीनला नोकरी लागली, तेव्हा बँकेतली नोकरी सोडून, तुला एकटीला टाकून जाऊ का, असं मी तुला विचारलं होतं. तू परातीतून नजर वर केली नाहीस. "तुला बरं वाटतंय न्हवं? मग झालं की." निघताना वर्तमानपत्रात गुंडाळून तुझा बिडाचा तवा दिलास. मला तवा नको होता गं. तू एकदा 'जाऊ नको' म्हणायला हवं होतंस. म्हणाली असतीस तर मी राहिले असते, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. इथे करमेनासं झालं, की त्याचं बिल तुझ्याच नावावर फाडत आले.

गेल्या शुक्रवारी धडा होता, पटलं आणि नाही पटलं. 'आय अ‍ॅग्री', 'आय डोंट अ‍ॅग्री'. मी म्हणून दाखवत होते आणि ती माझ्या मानेकडे टक लावून बघत होती. "टीचर, माउथ सेज यस, हेड सेज नो." आपली मराठी मान! 'हो' म्हणतानाही डावी-उजवीकडे डोलते. मी हसले, पण ती हसली नाही. लेकीचं कॅनडाचं मी तिला सांगितलं होतं. खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "नाऊ आय अ‍ॅम युवर डॉटर. मामा, आय गो कॅनडा. यू अ‍ॅग्री?"

"येस."

"नो, टीचर. धिस इज शॉप गुड-गुड." मग तिने मोडक्या इंग्रजीत समजावलं, की तिच्या भाषेत 'मला पटलं' म्हणायचं तर 'मी तुझ्याबरोबर निघाले' अशासारखं काहीतरी म्हणतात. "यू नॉट गोइंग. यू स्टे हिअर, अलोन. सो टेल हर." मी वही मिटली. तिने उठून मला पाणी आणून दिलं.

त्याच संध्याकाळी लेक जाड कोटाची घडी घालत होती. मी दारात उभी राहिले आणि म्हणाले, "मला वाटतं, तू जाऊ नयेस. मला इथे एकटीला भीती वाटते." एवढंच. मान डोलू नये म्हणून चौकट धरून ठेवली होती. ती बॅगेवरच बसली. मग चक्क मराठीत म्हणाली, "मग तू आधी का नाही बोलली?" मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि आम्ही दोघी रडलो. नंतर तिनेच खिचडी टाकली, ती खाली लागली, आणि आम्ही ती तशीच खाल्ली.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं, मला ठाऊक नाही. राहील इथेच. पण एक सांगते. मी मन मोकळं करायला बोलले नव्हते. बोललं की ती थांबेल, असं मला वाटलं होतं. ती थांबली नाही. जवळ घेतलं, डोळे पुसले, रोज फोन करीन म्हणाली, आणि परवा निघते आहे. काल तिची बॅग मीच भरून दिली. भरता भरता तुझ्यावरचा इतक्या वर्षांचा राग शोधत होते, पण तो हाताला लागेना. तू 'जाऊ नको' म्हणाली असतीस ना आई, तरी मी आलेच असते.