मास्तरांची सही

३ मार्च, सोमवार

मूळची? डोंबल मूळची!

काळ्या डायलचं मनगटी घड्याळ, सत्तर वर्षांचं. रविवारच्या लिलावासाठी आलंय. सोबत मास्तरांचं प्रमाणपत्र — 'डायल व काटे मूळचे.' खाली तीच लफ्फेदार सही.

भिंगाखाली अक्षरांच्या कडा फुटलेल्या, शाई पसरलेली. मिनिटांच्या रेघा सेकंदाच्या छोट्या वर्तुळात घुसल्यात. कारखान्याने अशी डायल भंगारात टाकली असती! मिनिटकाटा तर रेघांपर्यंत पोचतच नाही, दुसऱ्याच कुठल्या घड्याळाचा. दिवा मालवला तरी त्याच्यावरचा लेप लखलखत राहिला. जुनं रेडियम असं चमकत नाही, ते कधीच मेलेलं असतं. हे मला शिकवलं कुणी? मास्तरांनीच!

४ मार्च

लिलावघराच्या मालकांना सांगितलं. "मास्तरांची सही आहे. तू कालची पोर." कालची! एकोणीस वर्षं भिंग लावून लावून भुवईखाली खड्डा पडलाय.

५ मार्च

मास्तरांना फोन केला. "तुझ्या जन्माआधीपासून डायली बघतोय. मला शिकवू नकोस." आणि ठेवलाच!

तिजोरीत त्यांच्या प्रमाणपत्राची आणखी चार घड्याळं सापडली. चारही उघडली. तीन घड्याळांच्या डायली नव्याने रंगवलेल्या. तिन्ही एकाच दलालाने आणलेली.

म्हणजे मास्तरांनी पैसे खाल्ले. या माणसाने एकदा स्वतःच्या मेव्हण्याचं घड्याळ चारचौघांत 'रंगकाम आहे' म्हणून परत केलं होतं. मेव्हणा दोन वर्षं बोलत नव्हता. मी मात्र त्या दिवशी ठरवलं होतं, काम करायचं तर असं. आता त्याच हाताने असल्या सह्या!

६ मार्च

दलाल आला होता. हसत म्हणाला, "मास्तरांसारखा सज्जन माणूस नाही." थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली.

७ मार्च

मास्तरांच्या घरी गेले. काकू दार अडवून उभ्या. "झोपलेत ते." सकाळी अकराला? आतून खोकला ऐकू येत होता! "मग उद्या येईन, परवा येईन, रोज येईन," मी जिन्यातच ओरडले. शेजारणीने दार किलकिलं केलं. करू दे.

घरी नवरा म्हणतो, "अगं, म्हातारा माणूस. सोडून दे." त्याच्यावरही डाफरले. म्हातारं झालं की खोटं चालतं का?

घड्याळवाल्यांच्या संघटनेला पत्र लिहिलं. मास्तरांचं नाव घालून. अजून टाकलेलं नाही. आधी त्यांच्या तोंडून ऐकायचंय.

८ मार्च, सकाळ

मालकांच्या देखत काटे उपसले. मागची बाजू कोरी करकरीत! घड्याळ लिलावातून बाद.

निघालेय. आज काकूंना ढकलून आत जायची वेळ आली तरी जाणार.

८ मार्च, दुपार

आत शिरले. घड्याळ मास्तरांच्या तळहातावर ठेवलं. "नीट बघा, आणि माझ्या तोंडावर सांगा."

त्यांनी भिंग लावलं. सवयीने खिडकीकडे वळले. बराच वेळ पाहिलं.

"डायल मूळची. आणि काटे बघ, रेघांना कसे बरोब्बर टेकलेत."

काटे डबीत होते. माझ्या पर्समध्ये.

काकू दारातून माझ्याकडे बघत होत्या. हात जोडलेले.

"हो, मास्तर," मी म्हणाले.