शहाणपणाचा कागद

डोणगाव,
ता. ३ नोव्हेंबर २००६

चि. जीवन यास सुभद्राताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण या वेळी हात धजत नाही. डिंपल आठ दिवसांपासून इथेच आहे. जावई स्वतः तिला सासरहून, बीबीहून आणून सोडून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

श्रावणात तिचा धाकटा दीर औषध पिऊन गेला, हे तुला ठाऊक आहे. वावरात त्याला आधी पाहिलं ते हिनंच. तेव्हापासून पोरीला झोप नाही. कापूस वेचायला नेली तर कमरेला कापसाची ओटी बांधून मधेच उभी राहते. हाक मारली की दचकते. सासूचं म्हणणं असं की पोरीले वेड लागलं, शहाणी असल्याचा डॉक्टरचा कागद आणा, नाहीतर लेक तुमच्यापाशीच ठेवा.

बुलडाण्याला सरकारी दवाखान्यात हे काम फुकटात होतं, पण तिथल्या रांगेत ओळखीचं कुणी ना कुणी भेटतंच, आणि मग गावभर होतं. तुझ्या अकोल्यात खाजगी तपासणी होते म्हणे. फी ऐकून ह्यांनी कानावर हात ठेवले. त्या पैशात कापसाच्या पऱ्हाटीवर एक फवारणी होईल म्हणतात. बीटी आहे, फवारायचं काम नाही, असं सांगून दुकानदारानं बियाणं गळ्यात मारलं, आणि आता पानं लाल पडून राहिली आहेत. मी विचारलं की पीक वाचवायचं का पोर. तर ताटावरून उठून गेले, आणि मग गोठ्यात जाऊन रडले. मी पाहिलं, पण त्यांना कळू दिलं नाही.

पैसे भरावेत की नाही, तूच सांग. फोनवर बोलायची सोय नाही, बूथवाला कान देऊन बसलेला असतो. सर्वांवर तुझी माया आहेच, ती असू दे.

तुझी,
सुभद्राताई

अकोला,
ता. ९ नोव्हेंबर २००६

ती. सौ. ताईस जीवनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र दुकानातच वाचलं. विहिरीवरच्या पंपाची जळालेली मोटार नव्यानं तार भरायला घेतली होती ती तशीच बाजूला ठेवली.

पैसे भरायचे. अर्धे मी देतो. शालिग्राम भाऊजींना सांग, लग्नात घड्याळासाठी मांडवात रुसून बसले होते तेव्हा आम्ही मुकाट ऐकलं, आता त्यांनी ऐकायची पाळी. हसतील बिचारे.

पण ताई, कागद सासरच्यांसाठी आणायचा हे माझ्या मनाला पटत नाही. तपासणी पोरीसाठी करू. ती आजारी निघाली तर औषधपाणी होईल. आजारी म्हणजे वेडी नव्हे. तपासणाऱ्या बाईंना मी भेटून आलो. मुलीला एकटीला आत पाठवा आणि तिला मनातलं बोलू द्या, एवढंच त्या म्हणाल्या. स्टँडवर घ्यायला येतो. भाऊजींना नमस्कार, लोभात अंतर पडू देऊ नये.

तुझा,
जीवन

डोणगाव,
ता. २ डिसेंबर २००६

चि. जीवन यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या घरी दोन दिवस सुखाचे गेले. कागद टपालानं आला. मनाचा कुठलाही आजार आढळला नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. मी तो देवापुढे ठेवला आणि मगच जावयांना निरोप धाडला.

तू रागावशील म्हणून तिथे बोलले नाही, आता सांगते. बीबीचे लोक तिला पाहायला आले होते तेव्हा जशी तयारी करून घेतली होती, तशीच या वेळीही घेतली. झोप येते का विचारलं तर येते म्हणायचं. हसून, हळू बोलायचं. दिराचं नाव काढायचं नाही, घरातलं परक्या बाईपुढे कशाला. पोरगी एकदा काकुळतीला येऊन म्हणाली की त्या बाईले सांगू दे ना मले. मी सुनावलं की सांगशील तर नांदशील कुठं. मग गुमान शिकली.

ह्यांनी फवारणी सोडली. पऱ्हाटी हातची गेलीच समज, पण पोर मार्गी लागली. काल जावई येऊन घेऊन गेले, चहा घेतला, दुसऱ्यांदाही मागितला. तुझे उपकार कसे फेडू? अशीच माया राहू दे.

तुझी,
सुभद्राताई

बीबी,
ता. २० जानेवारी २००७

ती. मामांस डिंपलचा सा. न. वि. वि.

शेजारच्या खैरुन्निसाचाची हे पत्र पेटीत टाकणार आहेत. तुम्ही खर्च केला, बाबांचं पीक गेलं, म्हणून इतके दिवस लिहायची हिंमत झाली नाही.

कागद सासूबाईंच्या पेटीत असतो. मी वेचता वेचता थांबले, रात्री उठून बसले, की तो बाहेर निघतो. आमचे हे तो वाचून दाखवतात आणि विचारतात की डॉक्टरनं लिहून देल्लं, तुले काहीच नाही झालं, मग नखरे काऊन करून राह्यली. वेडी म्हणत होते तेव्हा निदान एका जागी बसू द्यायचे. आता शहाणी ठरले, तर जिथे तो पडला होता त्याच तुकड्यात रोज वेचायला धाडतात.

त्या बाई फार चांगल्या होत्या. पुन्हा पुन्हा विचारत होत्या की आणखी काही सांगायचं आहे का. माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी पोचले तेव्हा दीर जिवंत होता, मामा. त्यानं माझा हात धरला आणि माणसं येईपर्यंत सोडला नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पण दाराबाहेर आईचा खोकला ऐकू येत होता. मी हसले आणि नाही म्हटलं.

अशी तपासणी दुसऱ्यांदा करता येते का? पैसे मी मजुरी करून फेडीन. मला, मी आजारी आहे असं लिहून आणायचं आहे. एकदा तसं लिहून मिळालं की मी रडले तरी कुणी काही म्हणणार नाही.

उत्तर चाचींच्या नावानं पाठवा. आईला यातलं काही कळवू नका, लेक सुखात नांदते असं ती गावभर सांगत असते. चुकलं असेल तर पोटात घाला, आणि माझ्यावरची माया कमी करू नका.

तुमची भाची,
डिंपल